इंडोनेशियातील विरोधी बाके रिकामीच

इंडोनेशियात १४ फेब्रुवारी २०२४ रोजी झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीत तीन जोड्या रिंगणात होत्या. माजी लष्करी अधिकारी आणि तत्कालीन संरक्षणमंत्री प्राबोवो सुबियांतो यांनी ५८.६ टक्के मते मिळवून पहिल्याच फेरीत बाजी मारली. जकार्ताचे माजी गव्हर्नर अनीस बास्वेदान यांना सुमारे २५ टक्के, तर मध्य जावाचे माजी गव्हर्नर गांजार प्रानोवो यांना साडेसोळा टक्के मते मिळाली. अनीस यांनी ‘परिवर्तना’ची हाक देत प्रचार केला होता आणि नासदेम, पीकेबी व पीकेएस या तीन पक्षांनी त्यांना उमेदवारी दिली होती. प्राबोवो यांनी २० ऑक्टोबर २०२४ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा हे तिन्ही पक्ष त्यांच्या पाठीशी उभे होते. अनीस यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले पीकेबीचे अध्यक्ष मुहैमिन इस्कंदर यांनी तर प्राबोवो यांच्याच मंत्रिमंडळात समन्वय मंत्री म्हणून स्थान मिळवले.

प्रतिनिधिगृहात ५८० जागा आणि आठ पक्ष आहेत. त्यांपैकी सात पक्ष, म्हणजे ४७० सदस्य, नव्या सरकारच्या बाजूला गेले. बाहेर राहिला तो ११० जागा जिंकून पहिल्या क्रमांकावर आलेला मेगावती सुकर्णोपुत्री यांचा इंडोनेशियन लोकशाही संघर्ष पक्ष (पीडीआय-पी). पण हा पक्षही स्वतःला विरोधी पक्ष म्हणवून घ्यायला तयार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये बालीत झालेल्या पक्षाच्या अधिवेशनात मेगावतींनी पक्षाची भूमिका ‘संतुलन राखणारा पक्ष’ अशी मांडली. वीस कोटींहून अधिक नोंदणीकृत मतदार असलेल्या, जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या लोकशाहीत निवडणुका नियमित होतात, मतदान ८० टक्क्यांवर जाते आणि मतमोजणीनंतर सत्तांतरही शांततेत होते. मात्र निकालानंतर विरोधी बाकांवर बसायला कोणी उरत नाही. हे का घडते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा इंडोनेशियाच्या राजकारणातील कळीचा प्रश्न आहे.

सरकार पडत नाही, तरीही आघाडी

भारतातील वाचकाला आघाडीचे राजकारण म्हटले की बहुमताचे गणित आठवते. मित्रपक्षाने पाठिंबा काढून घेतला की सरकार कोसळते, म्हणून मित्रपक्षाची मनधरणी करावी लागते. इंडोनेशियात तशी स्थिती नाही. तेथे अध्यक्षीय पद्धत आहे. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष थेट जनतेकडून पाच वर्षांसाठी निवडले जातात आणि संसदेत बहुमत नाही म्हणून त्यांना पायउतार व्हावे लागत नाही. असे असूनही तेथील प्रत्येक अध्यक्षाने गरजेपेक्षा कितीतरी मोठी आघाडी उभारली आहे. या कोड्याचे उत्तर काही प्रमाणात इतिहासात आणि काही प्रमाणात पक्षांच्या अर्थकारणात सापडते.

सुहार्तो यांच्या राजवटीत १९७३ नंतर फक्त तीन राजकीय संघटनांना परवानगी होती. सरकारी यंत्रणेच्या जोरावर चालणारी गोल्कार, मुस्लिम पक्षांना एकत्र बांधून तयार केलेला पीपीपी आणि राष्ट्रवादी व ख्रिस्ती पक्षांचे कडबोळे असलेला पीडीआय. विजेता आधीच ठरलेला असे. आर्थिक अरिष्ट आणि विद्यार्थ्यांच्या उठावामुळे २१ मे १९९८ रोजी सुहार्तो यांनी राजीनामा दिला आणि पुढच्याच वर्षी ४८ पक्ष निवडणुकीत उतरले. मेगावतींच्या पक्षाला सर्वाधिक, जवळपास ३४ टक्के मते पडली. परंतु त्या वेळी अध्यक्षाची निवड लोकप्रतिनिधींच्या महासभेत होत असे. मुस्लिम पक्षांनी ‘मध्य अक्ष’ नावाची फळी उभारली आणि ज्यांच्या पक्षाला जेमतेम साडेबारा टक्के मते होती ते अब्दुर्रहमान वाहिद ३७३ विरुद्ध ३१३ मतांनी अध्यक्ष झाले. मेगावतींना उपाध्यक्षपदावर समाधान मानावे लागले.

वाहिद यांचा धडा

वाहिद यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात जवळपास सर्व मोठ्या पक्षांना वाटा होता. पण एप्रिल २००० मध्ये त्यांनी मेगावतींच्या पक्षाचे लक्समाना सुकार्दी आणि गोल्कारचे युसुफ काल्ला या दोन मंत्र्यांना काढून टाकले. दुखावलेले पक्ष एकत्र आले आणि २३ जुलै २००१ रोजी महासभेने वाहिद यांना पदच्युत केले. मेगावती अध्यक्ष झाल्या. पुढे घटनादुरुस्ती होऊन अध्यक्षाला हटवणे बरेच अवघड करण्यात आले, तरी राज्यकर्त्यांच्या मनात बसलेला धडा पुसला गेला नाही. मोठ्या पक्षाला बाहेर ठेवणे धोक्याचे असते, हाच तो धडा.

त्याला संसदेच्या कामकाजाची जोड मिळाली. इंडोनेशियाच्या राज्यघटनेनुसार कोणताही कायदा अध्यक्ष आणि प्रतिनिधिगृह यांच्या संयुक्त संमतीनेच होतो. समित्यांमध्ये मतविभागणीपेक्षा सहमतीने निर्णय घेण्याची परंपरा आहे. अशा सभागृहात एखादा पक्ष नाराज असेल तर विधेयक महिनोन् महिने रेंगाळू शकते. त्यामुळे नाराजी उद्भवण्याआधीच मंत्रिपद देऊन ती मिटवण्याचा मार्ग अध्यक्षांना सोपा वाटत आला आहे.

सुसिलो बामबांग युधोयोनो यांनी २००४ मध्ये पहिली थेट अध्यक्षीय निवडणूक जिंकली तेव्हा त्यांच्या डेमोक्रॅट पक्षाला संसदीय निवडणुकीत साडेसात टक्केच मते होती. गोल्कारने दुसऱ्या फेरीत मेगावतींना पाठिंबा दिला होता. पण डिसेंबर २००४ मध्ये उपाध्यक्ष युसुफ काल्ला स्वतःच गोल्कारचे अध्यक्ष झाले आणि पराभूत आघाडीतील सर्वांत मोठा पक्ष अलगद सरकारी गोटात दाखल झाला. दहा वर्षांनी हीच कथा नव्या पात्रांसह घडली. २०१४ मध्ये जोको विडोडो ऊर्फ जोकोवी जिंकले, तेव्हा त्यांच्या आघाडीकडे संसदेत ३७ टक्के जागा होत्या. प्राबोवो यांच्या ‘लाल-पांढऱ्या’ आघाडीने आपल्या बहुमताच्या बळावर सभापतिपदासह सारी मोक्याची पदे पटकावली. पुढे गोल्कार आणि पीपीपीमध्ये फूट पडली, कायदा मंत्रालयाने सरकारला अनुकूल गटांना मान्यता दिली आणि दोन वर्षांच्या आत जोकोवींमागे जवळपास ७० टक्के सदस्य उभे राहिले.

यावर कळस चढला तो २०१९ मध्ये. जोकोवी विरुद्ध प्राबोवो ही लढत कमालीची कडवट झाली होती. समाज धार्मिक रेषेवर दुभंगला होता. निकालानंतर २१ व २२ मे रोजी जकार्तात दंगली उसळल्या आणि त्यांत काही जणांचे प्राण गेले. त्यानंतर पाच महिन्यांतच प्राबोवो जोकोवींच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाले. ज्या कार्यकर्त्यांनी त्यांच्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वैर घेतले होते, त्यांना या समेटाचा अर्थ कोणी समजावून सांगितला नाही.

उमेदवारीसाठीचा सौदा

इंडोनेशियात आघाड्या दोनदा होतात, एकदा निवडणुकीआधी आणि एकदा निकालानंतर. पहिली आघाडी कायद्याच्या सक्तीतून जन्माला येत असे. २००९ पासून अध्यक्षपदाचा उमेदवार उभा करण्यासाठी एका पक्षाकडे किंवा पक्षांच्या गटाकडे संसदेतील २० टक्के जागा अथवा राष्ट्रीय पातळीवर २५ टक्के मते असणे बंधनकारक होते. संसद आणि अध्यक्ष यांच्या निवडणुका २०१९ पासून एकाच दिवशी होऊ लागल्यावर ही अट आधीच्या निवडणुकीच्या निकालावरून मोजली जाऊ लागली. म्हणजे पाच वर्षांपूर्वीचा मतदार आजच्या मतदारासमोर कोण उभा राहणार, हे ठरवू लागला. परिणाम आकड्यांतच दिसतो. २००४ मध्ये पाच जोड्या होत्या, २००९ मध्ये तीन, २०१४ व २०१९ मध्ये प्रत्येकी दोन आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन.

ही अट असल्यामुळे मध्यम आकाराच्या पक्षाचा भाव वाढला. उमेदवाराला पक्षांच्या दारात जावे लागे. या व्यवहाराला तेथे ‘राजकीय माहार’ म्हणतात. मुस्लिम विवाहातील ‘मेहेर’ हाच तो शब्द. उमेदवारीच्या बदल्यात पैसे घेण्यास कायद्याने बंदी आहे, तरी हा शब्द तेथील राजकीय बोलीत पक्का रुजला आहे. विचारसरणीचा संबंध अशा सौद्यात फारसा उरत नाही. १९५५ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत राष्ट्रवादी, सुधारणावादी मुस्लिम, परंपरावादी मुस्लिम आणि कम्युनिस्ट असे चार ठळक प्रवाह होते. प्रत्येकाची मते १६ ते २३ टक्क्यांच्या दरम्यान होती आणि प्रत्येकाची सामाजिक मुळे वेगळी होती. आजच्या पक्षांवर त्या प्रवाहांची छाया दिसते, पण सत्तेत कोणाबरोबर बसायचे हे ठरवताना ती आड येत नाही. पीकेएससारखा मुस्लिमनिष्ठ पक्ष आणि राष्ट्रवादी गेरिंद्रा आज एकाच सरकारचे पाठीराखे आहेत.

लहान, प्रादेशिक पक्षांना वाव नसणे हेही त्यामागचे एक कारण आहे. निवडणूक लढवू इच्छिणाऱ्या नव्या पक्षाला देशाच्या प्रत्येक प्रांतात, त्यातील तीन चतुर्थांश जिल्ह्यांत आणि त्या जिल्ह्यांतील निम्म्या तालुक्यांत शाखा दाखवाव्या लागतात. अपवाद फक्त आचे प्रांताचा. २००५ च्या शांतता करारामुळे तेथे स्थानिक पक्षांना मुभा मिळाली. आपल्याकडे तमिळनाडूत द्रमुक किंवा पंजाबात अकाली दल जसे उभे राहिले, तसा पक्ष सुलावेसी किंवा पापुआत उभाच राहू शकत नाही. देशभर कार्यालये चालवायची म्हणजे पैसा हवा. सरकारी अनुदान एका मतामागे अवघे एक हजार रुपिया. साहजिकच पक्ष धनाढ्य नेत्यांच्या किंवा उद्योगपतींच्या खिशावर चालतात, नाहीतर मंत्रालयांच्या आसऱ्याला जातात. वृत्तवाहिनीचे मालक सूर्या पालोह यांचा नासदेम आणि कधीकाळी उद्योगपती अबुरिजाल बाक्री यांच्याकडे धुरा असलेली गोल्कार ही याची उदाहरणे आहेत.

बाहेर राहणाऱ्यांना मते, तरीही…

गंमत अशी की, सत्तेबाहेर राहणाऱ्या पक्षाला मतदार शिक्षा करीत नाही. मेगावतींचा पक्ष २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे सरकारबाहेर राहिला. २००९ मध्ये त्याला १४ टक्के मते होती, २०१४ मध्ये १९ टक्क्यांच्या घरात मते मिळवून तो पहिला आला आणि अध्यक्षपदही त्याच्याकडे गेले. प्राबोवो यांची गेरिंद्रा २००९ मध्ये साडेचार टक्क्यांवर होती. युधोयोनो यांच्या सरकारबाहेर राहून २०१४ मध्ये तिने जवळपास १२ टक्क्यांपर्यंत मजल मारली. जोकोवींच्या काळात बाहेर राहिलेल्या पीकेएसच्या जागा २०१४ मधील ४० वरून २०२४ मध्ये ५३ झाल्या. याउलट सरकारात सामील झालेल्या पीपीपीला २०२४ मध्ये चार टक्क्यांची अट पार करता आली नाही आणि सुहार्तो काळापासून संसदेत असलेला हा पक्ष प्रथमच बाहेर फेकला गेला.

असे असूनही पक्ष बाहेर राहायला धजत नाहीत. विरोधाचे फळ पाच किंवा दहा वर्षांनी मिळते, मंत्रिपद आज मिळते. शिवाय पक्षांतर्गत फुटीच्या वेळी कोणता गट खरा हे सरकारी मंत्रालय ठरवते आणि जुनी प्रकरणे उकरून काढली जाण्याची भीतीही नेत्यांना असते. अमेरिकी अभ्यासक डॅन स्लेटर यांनी या व्यवस्थेला पक्षांची मक्तेदारी टोळी म्हटले आहे. ऑस्ट्रेलियात अध्यापन करणारे मार्कुस मिट्झनर यांचा भर वेगळा आहे. अध्यक्षाची आघाडी फक्त पक्षांची नसते, तर लष्कर, पोलीस, नोकरशाही, धनदांडगे आणि मुस्लिम संघटना या साऱ्यांना सामावून घेणारी असते, असे ते दाखवतात. दोघांच्या म्हणण्यातून निघणारा निष्कर्ष मात्र एकच. निवडणुकीतून प्रमुख कोण हे ठरते, सत्तेबाहेर कोण जाणार हे ठरत नाही.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. सतरा हजारांवर बेटे, शेकडो भाषा, आणि १९९९ नंतरच्या तीन-चार वर्षांत मालुकू व पोसो येथे मुस्लिम-ख्रिस्ती दंगलींत सांडलेले रक्त. अशा देशात पराभूताला सामावून घेतले नसते तर लोकशाही टिकली असती का, असा प्रश्न या राजकारणाचे समर्थक विचारतात. तो अगदीच गैरलागू नाही. १९९८ पासून लष्कराने सत्ता हस्तगत केलेली नाही आणि प्रत्येक सत्तांतर घटनेच्या चौकटीत झाले आहे. पहिल्या दशकात सर्वसमावेशक सरकारांनी देशाला सावरले, हे मान्य करावे लागेल. पण आपत्काळात घेतलेले औषध रोजचे अन्न झाले की त्याचे दुष्परिणाम दिसू लागतात.

किंमत कोण मोजतो?

ते दुष्परिणाम सर्वप्रथम कायदे करताना दिसतात. भ्रष्टाचार निर्मूलन आयोगाचे अधिकार कमी करणारी दुरुस्ती सप्टेंबर २०१९ मध्ये झटपट मंजूर झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये कामगार आणि पर्यावरणविषयक तरतुदी सैल करणाऱ्या ‘रोजगार निर्मिती’ कायद्याला फक्त पीकेएस व डेमोक्रॅट पक्षाने विरोध केला. राजधानी बोर्निओत हलवण्याच्या जानेवारी २०२२ मधील कायद्याला एकट्या पीकेएसने नकार दिला. आणि २० मार्च २०२५ रोजी सेवेतील लष्करी अधिकाऱ्यांना अधिक सरकारी संस्थांमध्ये नेमण्याची मुभा देणारी दुरुस्ती सर्व आठ पक्षांच्या संमतीने मंजूर झाली. विरोध दोन पक्षांवरून एकावर आणि एकावरून शून्यावर आला. ज्या दिवशी सभागृहात एकमत होते, त्या दिवशी बाहेर विद्यार्थी निदर्शने करीत होते.

सभागृहात विरोध उरला नाही की तो रस्त्यावर येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये हेच झाले. प्रतिनिधिगृहातील सदस्यांना दरमहा पाच कोटी रुपिया घरभत्ता मिळतो हे कळल्यावर जनक्षोभ उसळला. २८ ऑगस्टच्या रात्री पोलिसांच्या चिलखती गाडीखाली मोटारसायकल टॅक्सी चालवणारा एक तरुण चिरडला गेला आणि आंदोलन देशभर पेटले. प्रादेशिक विधिमंडळांच्या इमारती जाळल्या गेल्या, अनेकांचे बळी गेले. ३१ ऑगस्ट रोजी प्राबोवो यांनी पक्षनेत्यांना सोबत घेऊन भत्ते मागे घेण्याची घोषणा केली. ज्या सभागृहात हा भत्ता ठरला तेथे त्याविरुद्ध बोलणारा एकही पक्ष नव्हता, याची नोंद या घोषणेने आपोआप झाली. लोकांच्या रागाला वाचा देणारा पक्ष असता तर तो राग भाषणांत आणि मतपेटीत व्यक्त झाला असता.

रिकाम्या चौकोनाचा विजय

प्रांत आणि जिल्ह्यांच्या पातळीवर हे चित्र आणखी ठळक आहे. २७ नोव्हेंबर २०२४ रोजी देशभर गव्हर्नर, जिल्हाप्रमुख व महापौरपदांच्या निवडणुका झाल्या. त्यांपैकी ३७ ठिकाणी सारे पक्ष एकाच उमेदवारामागे उभे राहिल्याने प्रतिस्पर्धीच नव्हता. अशा वेळी मतपत्रिकेवर उमेदवाराच्या शेजारी एक रिकामा चौकोन छापला जातो. पांगकालपिनांग शहर आणि बांका जिल्ह्यात मतदारांनी त्या रिकाम्या चौकोनालाच विजयी केले आणि तेथे पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. पक्षांनी पर्याय दिला नाही म्हणून मतदारांनी पर्यायाच्या अभावालाच मत दिले.

जकार्तात सत्ताधारी आघाडीने जवळपास सर्व पक्षांची मोट रिद्वान कामिल यांच्यामागे बांधली होती. पण २० ऑगस्ट २०२४ रोजी घटनात्मक न्यायालयाने स्थानिक उमेदवारीसाठीची अट सैल केली. संसदेने हा निर्णय फिरवण्याचा घाट घातला, तेव्हा २२ ऑगस्टला हजारो नागरिक संसदेवर चालून गेले आणि तो डाव बारगळला. त्यामुळेच मेगावतींच्या पक्षाला स्वबळावर प्रामोनो आनुंग यांना उभे करता आले आणि त्यांनी ५० टक्क्यांचा टप्पा निसटता ओलांडून पहिल्याच फेरीत विजय मिळवला. स्पर्धा होऊ दिली तर निकाल आघाड्यांच्या बेरजेप्रमाणे लागत नाही, हे राजधानीने दाखवून दिले.

न्यायालयाची भूमिकाही निष्कलंक नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच न्यायालयाने वयाच्या अटीला अपवाद काढल्यामुळे जोकोवींचे ३६ वर्षांचे पुत्र गिब्रान राकाबुमिंग राका उपाध्यक्षपदाचे उमेदवार होऊ शकले. तेव्हाचे सरन्यायाधीश जोकोवींचे मेहुणे होते. नैतिक आचारसंहितेच्या भंगाबद्दल त्यांना पुढच्याच महिन्यात सरन्यायाधीशपद गमवावे लागले.

२०२९ ची परीक्षा

याच न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्षीय उमेदवारीसाठीची २० टक्क्यांची अट रद्द केली. योग्यकार्ता येथील विद्यार्थ्यांच्या याचिकेवर हा निकाल आला. तत्पूर्वी अशा तीसहून अधिक याचिका अपयशी ठरल्या होत्या. जून २०२५ मध्ये न्यायालयाने २०२९ पासून राष्ट्रीय आणि स्थानिक निवडणुका वेगवेगळ्या वेळी घेण्याचाही आदेश दिला. आता निवडणुकीस पात्र असलेला प्रत्येक पक्ष आपला अध्यक्षीय उमेदवार देऊ शकेल. निवडणुकीआधीच्या सक्तीच्या आघाडीचे कारण त्यामुळे संपले आहे.

पण निकालानंतरच्या आघाडीचे कारण कायम आहे. ते निवडणूक कायद्यात नसून मंत्रिमंडळात आहे. ऑक्टोबर २०२४ पूर्वी कायद्याने ३४ मंत्रालयांची मर्यादा होती. ती उठवली गेली आणि प्राबोवो यांच्या मंत्रिमंडळात मंत्री, उपमंत्री आणि समकक्ष पदे धरून शंभरहून अधिक जणांची सोय झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मित्रपक्षांपुढे ‘कायमस्वरूपी आघाडी’चा प्रस्तावही ठेवण्यात आला. त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, गोल्कारच्या वर्धापनदिन सोहळ्यात प्राबोवो यांनी गव्हर्नर आणि जिल्हाप्रमुख थेट जनतेऐवजी विधिमंडळांनी निवडावेत, अशी कल्पना मांडली होती. खर्च वाचतो, असे सांगताना त्यांनी मलेशिया आणि सिंगापूरबरोबर भारताचाही दाखला दिला. भारतात विधानसभेतील बहुमतातून सरकार येते हे खरे. पण त्याच सभागृहात समोरच्या बाकांवर विरोधी पक्ष बसतो, हा त्या पद्धतीचा निम्मा भाग आहे. तो वगळून उरलेला निम्मा भाग उसना घेतला तर आघाडीत सर्व पक्षांना बसवणाऱ्यांच्या हाती गव्हर्नरांची निवडही जाईल.

हा प्रयोग नवा नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये संसदेने थेट स्थानिक निवडणुका रद्द केल्या होत्या आणि लोकांच्या संतापामुळे युधोयोनो यांना काही दिवसांतच वटहुकूम काढून त्या परत आणाव्या लागल्या. सोलोच्या फर्निचर व्यावसायिकाला महापौर, गव्हर्नर आणि शेवटी अध्यक्ष होण्याचा मार्ग याच थेट निवडणुकांनी मोकळा केला होता.

म्हणूनच २०२९ मध्ये किती उमेदवार उभे राहतात यापेक्षा हरलेल्यांपैकी किती पक्ष बाहेर थांबतात, हा खरा निकष ठरणार आहे. मतपत्रिकेवर दहा नावे आली आणि निकालानंतर दहाही पक्ष एकाच मंत्रिमंडळात जाऊन बसले, तर उमेदवारीची अट काढून काहीच साधणार नाही. इंडोनेशियाच्या मतदाराने २६ वर्षांत आपले काम चोख केले आहे. तो रांगेत उभा राहतो, सत्ताधाऱ्यांना बदलतो आणि प्रसंगी रिकाम्या चौकोनालाही मत देतो. त्याने नाकारलेल्या पक्षांना मंत्रिमंडळाची वाट दाखवायची की विरोधी बाकांची, हा निर्णय मात्र त्याच्या हातात नाही. तो जोवर पक्षाध्यक्षांच्या बैठकीत होत राहील, तोवर पुढचा ऑगस्ट २०२५ टाळता येईल, अशी खात्री जकार्तातील कोणत्याही सरकारला देता येणार नाही.